छप्पन मिलिमीटरवरची खाच

माळ्यावरच्या बुटांच्या खोक्यात बूट नव्हते. जुन्या संगणकांमधून काढून जपून ठेवलेली कार्डं होती. एक आवाजाचं, एक नेटवर्कचं, एक फोनच्या तारेवरून इंटरनेट लावायचं मोडेम, दोन-तीन पडद्यावर चित्र उमटवणारी. बरीचशी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतलेली. दिवाळीची साफसफाई चालू होती, खोका खाली आला आणि माझ्या भाचीच्या हाती लागला. ती सहावीत आहे. साफसफाई तिथेच थांबली.

तिने सगळी कार्डं सतरंजीवर ओळीने मांडली. प्रत्येक कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची बारीक रांग असते, कंगव्याच्या दातांसारखी. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, ह्याचा दात पडलाय."

खरंच, त्या रांगेत एके जागी छोटीशी खाच होती. तिने दुसरं कार्ड उचललं. त्यालाही खाच, पण दुसऱ्या टोकाकडे. तिसऱ्याला तर दोन.

"ह्याचा पुढचा पडलाय, ह्याचा मागचा, आणि ह्या बिचाऱ्याचे दोन्ही!"

तुमच्या घरी किंवा शाळेच्या संगणक कक्षात असं जुनं कार्ड पडून असेल तर मागून घ्या आणि कंपासपेटीतली पट्टी जवळ ठेवा. कारण हे दात पडलेले नाहीत. कारखान्यात मोजूनमापून पाडलेले आहेत. कोणता दात पाडलाय त्यावरून ते कार्ड आपल्याला सांगतं, की त्याला विजेचा किती दाब चालतो. त्यासाठी त्याला एक अक्षरही छापावं लागत नाही.

दाब म्हणजे काय ते आधी बघू. इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. तळमजल्यावर नळ उघडला की पाणी धो धो येतं, सगळ्यात वरच्या मजल्यावर मात्र बारीक धार. टाकी नळापासून जितकी उंच, तितका पाण्याचा जोर जास्त. विजेचाही असा जोर असतो आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. टीव्हीच्या रिमोटमधला एक सेल १.५ व्होल्टचा. भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट. संगणकाच्या आत ह्या २३० व्होल्टला थेट प्रवेश नाही. आधी एक पत्र्याची पेटी, सगळे तिला एसएमपीएस म्हणतात, ती हा दाब उतरवून १२ व्होल्ट, ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट अशा लहान लहान वाटण्या करते. (ही पेटी कधीही उघडायची नाही. प्लग काढल्यानंतरही तिच्या पोटात बराच वेळ वीज साठून राहते. आणि संगणकाचं झाकण काढायचं असेल तर प्लग काढून, घरातलं मोठं माणूस शेजारी बसवून.)

आता संगणक बोलतो कसा? एक आणि शून्य ह्या दोनच अक्षरांत, हे तुम्ही ऐकलं असेल. पण तारेत काही १ आणि ० लिहिलेले नसतात. तारेत असतो दाब. दाब वर गेला की १, खाली आला की ०. १९६० च्या दशकात ज्या चिपा बाजारात आल्या आणि पुढे सगळीकडे पसरल्या, त्या ५ व्होल्टवर चालायच्या. त्यांचा नियम असा: २ व्होल्टच्या वर काही आलं तर ते १ समजायचं, ०.८ व्होल्टच्या खाली असेल तर ०. मधल्या भागात कोणी रेंगाळायचं नाही. कितीतरी वर्षं सगळे ह्याच नियमाने बोलत होते आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

मग चिपांमधले ट्रान्झिस्टर लहान लहान होत गेले, इतके की त्यांच्या आत वीज अडवून धरणारा जो थर असतो, तो फारच पातळ झाला. पाच व्होल्टचा धक्का त्याला सोसेना. शिवाय उष्णता! त्यासाठी एक प्रयोग करा, चौकटीच्या वहीवर. पाच घरं लांब आणि पाच घरं रुंद असा चौरस काढा. आतली घरं मोजा: २५. आता ३.३ घरं लांब आणि ३.३ घरं रुंद असा चौरस काढा. मोजायला जरा त्रास होईल, पण जवळजवळ ११ भरतील. चिप दर वेळी ० चा १ आणि १ चा ० करताना जी वीज खाते, ती ह्या चौरसाच्या मापाने बदलते. दाब ५ वरून ३.३ वर आणला, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर खर्च २५ वरून ११ वर! निम्म्याहून कमी. उष्णताही तितकीच कमी. मला हा चौरस फार आवडतो, कारण एवढ्या मोठ्या उद्योगाने आपली सवय का बदलली ते ह्या एका चित्रात दिसतं.

बदल किती झपाट्याने झाला बघा. इंटेल कंपनीचा पहिला पेंटियम १९९३ साली आला तो ५ व्होल्टवर चालणारा, आणि तो चांगलाच तापायचा. पुढच्याच वर्षी आलेला पेंटियम ३.३ व्होल्टवर चालत होता.

आणि नेमक्या ह्याच सुमाराला, १९९२ मध्ये, इंटेलने पीसीआय नावाची एक नवी पद्धत आणली. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर, लांबट स्लॉट, बहुतेक पांढरे, आणि त्यात उभं रोवायचं कार्ड. आवाज हवा? आवाजाचं कार्ड रोवा. नेटवर्क हवं? त्याचं कार्ड. पुढची दहा-बारा वर्षं जगभरातल्या संगणकांत हेच स्लॉट होते, आणि आमच्या खोक्यातली बहुतेक कार्डं त्यांच्यासाठीच बनलेली.

ही पद्धत आखणाऱ्यांपुढे पेच होता. आज सगळे ५ व्होल्टवर बोलतात. उद्या ३.३ वर बोलणार. मधली काही वर्षं दोन्ही बोलणारे एकाच दुकानात, एकाच टेबलावर पडलेले असणार. चूक झाली तर?

चूक कशी होते तेही गमतीचं आहे, कारण ती एकाच बाजूने होते. समजा ३.३ व्होल्टचं कार्ड ५ व्होल्टवाल्या चिपेशी बोललं. त्याचा १ म्हणजे ३.३. समोरच्याचा नियम काय? दोनच्या वर म्हणजे १. झालं, समजलं. पण उलट व्हायला गेलं, म्हणजे ५ व्होल्टवाला ३.३ वाल्याशी बोलायला लागला, तर? ३.३ च्या बऱ्याच चिपांना पाचचा दाब झेपत नाही. कुजबुज ऐकणारा कान शाबूत राहतो, कानात कोणी किंचाळलं तर मात्र पडदा फाटतो. तसंच हे. दाब नको त्या वाटेने आत शिरतो, चिप तापते आणि कधी कायमची जाते. त्यात तिचा काही दोष नसतो, म्हणून मला ते जास्त लागतं.

मग करायचं काय? कार्डावर ठळक अक्षरांत लिहायचं? वाचणारा वाचेलच असं नाही. अंधारात, टेबलाखाली वाकून, घाईत माणूस कार्ड लावत असतो. म्हणून त्यांनी असं काही केलं की वाचावंच लागू नये. तुमच्या घरातही हा उपाय आहे. गिझरचा किंवा वॉशिंग मशीनचा जाड पिनांचा प्लग घ्या. घरोघरी अजून त्याला 'पंधरा अँपिअरचा' म्हणतात, खरा तो १६ चा. तो मोबाइलच्या चार्जरच्या छोट्या सॉकेटमध्ये जातच नाही. कितीही जोर लावा. पिनच जाड, भोक बारीक. भिंतीने तुम्हाला नाही म्हटलं, आणि तुम्हाला अँपिअर म्हणजे काय ते माहीत नसलं तरी म्हटलं.

पीसीआयच्या स्लॉटमध्ये असाच एक अडसर आहे: प्लॅस्टिकची छोटीशी पडदी, स्लॉटमध्ये आडवी. कार्डाला बरोबर त्याच जागी खाच असेल तर पडदी खाचेत बसते आणि कार्ड खाली जातं. खाच दुसरीकडे असेल तर सोनेरी पट्ट्यांची कड पडदीवर आपटते. कार्ड वरच अडकून राहतं. ५ व्होल्टच्या स्लॉटात पडदी एका टोकाकडे, ३.३ व्होल्टच्या स्लॉटात दुसऱ्या टोकाकडे.

आता पट्टी घ्या. कार्डाच्या एका टोकाला काटकोनात वाकवलेली पत्र्याची पट्टी असते. संगणकाच्या पाठीमागे तिला स्क्रू लावतात. तिथून मोजायला सुरुवात करा. खाच साधारण ५६ मिलिमीटरवर आली, तर हे कार्ड ३.३ व्होल्टचं. साधारण १०४ मिलिमीटरवर आली, तर ५ व्होल्टचं. पत्र्याजवळची खाच ३.३ ची, लांबची ५ ची, एवढं लक्षात ठेवलं तर पट्टीही लागत नाही.

भाचीने मोजलं. आवाजाचं कार्ड: १०४ च्या आसपास. तिने कागदाच्या चिठ्ठीवर '५' लिहून दोऱ्याने कार्डाला बांधली. मग मला विचारलं, "पण ५६ च का? ५५ का नाही? साठ तरी करायचं ना, लक्षात ठेवायला सोपं!"

मला हा प्रश्न अतिशय आवडला. उत्तर शोधायला आम्ही दोघं जेवण होईपर्यंत बसलो होतो.

नियमाच्या पुस्तकातले आकडे जास्त बारीक आहेत: ५६.२१ आणि १०४.४७ मिलिमीटर. वजाबाकी करा. ४८.२६. आता सोनेरी पट्ट्या बघा. एका इंचात बरोब्बर वीस पट्ट्या बसवलेल्या असतात, म्हणजे एका पट्टीपासून दुसरी १.२७ मिलिमीटरवर. साध्या पीसीआय कार्डाच्या एका बाजूला अशा ६२ जागा. पत्र्याच्या बाजूने त्या मोजल्या तर ३.३ व्होल्टची खाच १२ आणि १३ ह्या जागा खाते. ५ व्होल्टची खाच ५० आणि ५१ ह्या जागा खाते. १२ पासून ५० पर्यंत किती? ३८. आता ३८ ला १.२७ ने गुणा.

भाचीने वहीत गुणाकार मांडला. ४८.२६. तिने मान वर करून बघितलं, परत आकडे तपासले, आणि मग जी हसली!

थांबा, खरी गंमत पुढे आहे. एकूण जागा ६२. तुम्ही उलट्या टोकाकडून मोजायला लागलात तर पहिली जागा ६२ वी होते, दुसरी ६१ वी. म्हणजे कुठलीही जागा उलटी करायची असेल तर तिला ६३ मधून वजा करायचं. करून बघा: ६३ मधून ५० गेले, १३ उरले. ६३ मधून ५१ गेले, १२ उरले. बारा आणि तेरा! म्हणजे ५ व्होल्टचा स्लॉट उचलून टोकाला टोक फिरवून लावला की तोच ३.३ व्होल्टचा स्लॉट होतो. दोन वेगळे साचे नकोत, दोन वेगळे भाग नकोत. प्लॅस्टिकचा एकच तुकडा. असा बसवला तर पाच म्हणतो, तसा बसवला तर तीन पूर्णांक तीन. ज्यांनी कोणी हे आखलं, त्यांनी आकड्यांशी किती प्रेमाने खेळ केला असेल!

आता दोन खाचांवाल्या 'बिचाऱ्या'कडे येऊ. तो अजिबात बिचारा नाही. ह्या खोक्यातला सगळ्यात हुशार तोच. त्याला ५ व्होल्टच्या स्लॉटमध्येही जाता येतं आणि ३.३ व्होल्टच्याही. त्याला युनिव्हर्सल कार्ड म्हणतात. पण मग त्याला कसं कळतं, की आपण कोणत्या घरात आलो? ६२ जागांपैकी काही जागांवर मदरबोर्ड एक खास वीज देतो, दोन्ही बाजू मिळून पाच ठिकाणी. घर पाचचं असेल तर ह्या पाच जागांवर ५ व्होल्ट, घर ३.३ चं असेल तर ३.३. कार्ड आपला 'बोलायचा' भाग ह्याच विजेवर चालवतं. त्यामुळे यजमानाच्या घरात जो दाब, त्याच दाबाने पाहुणा बोलतो. कोल्हापूरला गेल्यावर तांबडा रस्सा खाणारा आणि मालवणला गेल्यावर सोलकढी पिणारा पाहुणा जसा सगळ्यांना आवडतो, तसं हे कार्ड दुकानदारांना आवडायचं. बनवणाऱ्यांनाही. एकच कार्ड काढलं की दोन्ही गिऱ्हाइकं.

त्या हुशारीसाठी त्याने काय सोडलं? दोन खाचा म्हणजे प्रत्येक बाजूच्या चार जागा गेल्या. त्या जागांवर दुसऱ्या प्रकारच्या स्लॉटात काय असायचं? नुसती जमीन, म्हणजे वीज परत जायची वाट. तशा वाटा कार्डाला आणखी पुष्कळ असतात. म्हणून जे सोडलं ते नेमकं सोडण्याजोगंच होतं.

इथपर्यंत आलात तर आता एक बारीक गोष्ट सांगतो. बरेच मोठे लोकही इथे चुकतात. खाच सांगते ती बोलण्याची गोष्ट. पोटाला काय लागतं, ते खाच सांगत नाही.

बोलणं वेगळं, जेवण वेगळं. पीसीआय स्लॉटमधून कार्डाला जेवायला चार प्रकारची वीज मिळू शकते: ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि उणे १२ व्होल्ट. (उणे व्होल्ट असतात? असतात. जमिनीच्या पातळीच्या खालचा दाब. विहिरीसारखं समजा.) ५ व्होल्टमध्ये बोलणाऱ्या कार्डाच्या पोटात ३.३ व्होल्ट खाणारी चिप असू शकते. आता घोटाळा कुठे झाला ते ऐका. सुरुवातीच्या नियमांत ३.३ व्होल्टची ही वीज देणं मदरबोर्डावर बंधनकारक नव्हतं. १९९५ पूर्वीच्या जुन्या एसएमपीएसमधून ती तार यायचीच नाही. १९९५ मध्ये एटीएक्स नावाची नवी पद्धत आली तेव्हा ती आली. तिचा रंग नारिंगी. लाल तार ५ व्होल्टची, पिवळी १२ ची, काळी जमिनीची. (आजकालच्या काही पेट्यांत सगळ्याच तारा काळ्या असतात, मला ते अजिबात आवडत नाही.) १९९८ च्या अखेरीस आलेल्या २.२ क्रमांकाच्या नियमांत ३.३ व्होल्टची वीज पीसीआय स्लॉटला द्यायलाच हवी असं ठरलं.

म्हणून एखाद्या खूप जुन्या संगणकात दोन खाचांचं कार्ड लावलं तर ते अगदी नीट बसतं आणि तरीही चालू होत नाही. काही जळत नाही. ते नुसतं उपाशी राहतं. त्याला ३.३ व्होल्ट खायचे असतात आणि त्या घरात ते शिजतच नाहीत.

अशा वेळी कार्डाच्या अंगावर शोध घ्यायचा. भिंग घ्या. कार्डावर तीन पायांचा एक छोटा काळा भाग दिसतो का? त्याच्यावर १११७ हे आकडे असतील आणि शेवटी ३.३ लिहिलेलं असेल, तर हे कार्ड जास्त दाबाची वीज घेऊन आपले ३.३ व्होल्ट स्वतःच करून घेतं. स्वयंपाकघर सोबत घेऊन फिरणारं कार्ड! आमच्या आवाजाच्या कार्डावर दुसराच भाग सापडला, ७८ आणि ०५ हे आकडे असलेला. ह्यातले शेवटचे दोन आकडे म्हणजेच व्होल्ट. ०५ म्हणजे ५. तसाच ७८१२ असतो, तो १२ व्होल्ट देतो. आवाजाच्या कार्डाला इतकी चैन का, मुळात ५ व्होल्ट स्लॉटमधून मिळतातच की? मिळतात, पण त्यात संगणकातल्या बाकी सगळ्यांची धावपळ मिसळलेली असते. ती खरखर गाण्यात ऐकू येऊ नये म्हणून हे कार्ड १२ व्होल्टमधून स्वतःपुरते स्वच्छ ५ व्होल्ट गाळून घेतं.

आणि भूक किती, तेही कार्ड सांगतं. दोन सोनेरी पट्ट्या फक्त ह्याच कामाला ठेवलेल्या आहेत. एकेक पट्टी जमिनीला जोडायची किंवा मोकळी ठेवायची. दोन पट्ट्या, प्रत्येकीच्या दोन तऱ्हा, म्हणजे एकूण चार निरोप. दोन्ही मोकळ्या: इथे कार्डच नाही. उरलेले तीन निरोप: मला जास्तीत जास्त ७.५ वॉट, १५ वॉट किंवा २५ वॉट लागतील. दोन पट्ट्यांत हजेरी आणि भूक दोन्ही!

हळूहळू ५ व्होल्ट मागे पडले. वेगवान, ६६ मेगाहर्ट्झच्या पीसीआयला ३.३ व्होल्टच हवे असत. २००३ साली आलेल्या ॲपलच्या पॉवर मॅक जी५ संगणकात ३.३ व्होल्टचे स्लॉट होते. जुनं, फक्त लांबच्या खाचेचं कार्ड त्यात शिरूच शकायचं नाही. २००२ च्या नियमांनी फक्त ५ व्होल्टची कार्डं बंद केली, २००४ च्या नियमांनी ५ व्होल्टचा स्लॉटही गेला.

आमच्या खोक्यातलं चित्रांचं एक कार्ड मात्र पीसीआयच्या मापाला जुळेना. ते एजीपीचं निघालं. १९९० च्या दशकाच्या शेवटी खेळांमधली चित्रं इतकी भारी झाली की त्यांना वेगळा स्लॉट हवा झाला, बहुतेक वेळा तपकिरी रंगाचा. पहिल्या एजीपीचं बोलणं ३.३ व्होल्टचं, पुढे १.५ चं, आणि शेवटी ०.८ व्होल्टचं. खाचेची युक्ती इथेही: पत्र्याजवळची खाच ३.३ ची, लांबची १.५ ची. एका बाजूला ६६ जागा, ३.३ ची खाच २२ ते २५ खाते आणि १.५ ची ४२ ते ४५. आता तुम्हीच ६७ मधून वजा करून बघा. मी सांगणार नाही.

पण एजीपीत एक वाईट गोष्ट घडली. काही कार्डांना फक्त ३.३ व्होल्टचं बोलणं येत होतं, तरी त्यांना दोन खाचा पाडल्या गेल्या. खाच म्हणत होती, 'मला दोन्ही येतं.' खरं तसं नव्हतं. अशी कार्डं फक्त १.५ व्होल्टच्या मदरबोर्डात अगदी सहज शिरली, आणि काही मदरबोर्ड जळून गेले. लोकांनी काही चूक केली नव्हती. कार्ड बसलं म्हणजे चालेल, असा त्यांनी विश्वास ठेवला होता, आणि तसा विश्वास ठेवता यावा म्हणूनच तर खाच होती. मग काही मदरबोर्डांवर एक धोक्याचा दिवा आला. चुकीचं कार्ड असेल तर तो लागायचा आणि संगणक सुरूच व्हायचा नाही.

"मामा, म्हणजे खाचही खोटं बोलू शकते?" भाचीने विचारलं. खाच पाडणारा चुकला तर, हो. म्हणून जुनं एजीपी कार्ड हाती आलं तर खाचेवर न थांबता कार्डाचं नाव आणि चिपेचा क्रमांक वाचायचा आणि ती चिप किती व्होल्टची ते शोधायचं. पीसीआयच्या बाबतीत मी खाचेवर विसंबतो, एजीपीत नाही.

आजच्या संगणकात बघायचं असेल तर मेमरीची पट्टी बघा. तिच्याही कडेला खाच आहे. ह्या पट्ट्यांच्या पिढ्या असतात. डीडीआर२ ला १.८ व्होल्ट लागतात, डीडीआर३ ला १.५. दोन्हींना २४० सोनेरी पट्ट्या, लांबीही तीच. लांबून जुळ्या बहिणी. शेजारी शेजारी धरल्या की दिसतं, खाच थोडी सरकलेली आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ चंही असंच, २८८ पट्ट्या दोघींना, दाब १.२ आणि १.१ व्होल्ट, खाच वेगळी.

आणि आजच्या पीसीआय एक्सप्रेस कार्डांना? त्यांनाही खाच असते, पण ती प्रत्येक कार्डाला एकाच जागी, पत्र्याच्या बाजूने पहिल्या ११ पट्ट्यांनंतर. ती व्होल्टबद्दल काही सांगत नाही, कार्ड उलटं लावू नका एवढंच सांगते. जेवण सगळ्यांना एकच: १२ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट. बोलण्याचं भांडण तर त्यांनी मुळातूनच मिटवलं. तिथे एका निरोपाला दोन तारा असतात, बागेतल्या सी-सॉसारख्या. एक वर गेली की दुसरी खाली. सी-सॉ टेकडीवर ठेवा नाहीतर खड्ड्यात, कोणतं टोक वर आहे ते दिसतंच. शिवाय वाटेत कपॅसिटर नावाचा एक राखणदार बसवलेला असतो. तो दाबातला बदल पुढे जाऊ देतो, स्थिर दाब अडवून ठेवतो. त्यामुळे ह्या टोकाचे व्होल्ट त्या टोकाला भेटतच नाहीत.

भूक मात्र वाढली. मोठ्या चित्रांच्या कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत वीज मिळते, म्हणजे जवळजवळ तुमच्या छतावरच्या पंख्याएवढी. तेवढ्यानेही भागत नाही म्हणून एसएमपीएसमधून वेगळी केबल जोडतात: सहा पिनांची ७५ वॉटची, आठ पिनांची १५० ची. त्या पिनांभोवतीच्या प्लॅस्टिकच्या चौकटी नीट बघा. काही पूर्ण चौकोनी, काहींचे कोपरे कापलेले. खाचेचीच नातवंडं ती.

संध्याकाळपर्यंत सतरंजीवरच्या बहुतेक कार्डांना चिठ्ठ्या लागल्या होत्या. खोक्याच्या तळाशी एकच उरलं होतं. बाकीच्यांपेक्षा लांबट, सोनेरी पट्ट्याही चांगल्या रुंद. एका बाजूला ३१, दुसऱ्या बाजूला ३१, आणि ओळ सलग. भाचीने ते दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं.

"ह्याचे तर सगळे दात शाबूत आहेत!"

ते आयएसए पद्धतीचं कार्ड होतं. ही पद्धत १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आली. तेव्हा कार्ड ५ व्होल्टमध्ये बोलायचं, मदरबोर्डही ५ मध्येच. दुसरं कोणी बोलणारं आलेलंच नव्हतं, मग खाच कशाला पाडतील?

तिने चिठ्ठीवर '५' लिहिलं आणि दोरा बांधला. मग पट्टी परत उचलली. एका पट्टीपासून पुढे दहा पट्ट्यांचं अंतर मोजलं. पंचवीस मिलिमीटर आणि वर अगदी थोडं. तिने वहीतला १.२७ चा गुणाकार शोधून काढला, त्याच्याखाली एक नवी रेघ मारली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मामा, हे तर बरोब्बर दुप्पट आहे."